धोंडूबाई कड टाकत नाही

कापड कापायला घेतलं की मी आधी कड उडवते. ताग्याच्या दोन्ही अंगांना बोटभर रुंदीची घट्ट पट्टी असते बघा, कंपनीचं नाव छापलेली, रंगाचे ठिपके आणि टाचणीची भोकं असलेली, तीच कड. आतलं कापड सैल, कड घट्ट. ती ब्लाउजात शिरली आणि ब्लाउज पाण्यात गेला की कड आखडते, कापड होतं तसंच राहतं, आणि मग बाई दुकानात येऊन काखेतल्या चुण्या दाखवते. बोलणी कोण खाणार? गीताबाई! म्हणून कड उडवायची, टोपलीत टाकायची, संध्याकाळी जाळायची. माझ्यापुरता विषय संपला.

पण किन्हवलीत माझं शिलाईचं दुकान आहे आणि किन्हवलीतच धोंडूबाई राहते, त्यामुळे विषय संपत म्हणून नाही.

"गीता, टोपली जालली नाय ना गो?" हा तिचा रोजचा रामराम. दुकानाच्या पायरीवर बसते, टोपली पुढ्यात ओढते आणि त्यातल्या कडा निवडून मांडीवर ठेवते, भाजी निवडावी तशा. मी शंभरदा सांगितलं असेल, अगं बाई, हा कचरा आहे. ती हसते. तिला दोन दात कमी आहेत आणि हसताना त्याची तिला काही फिकीर नसते. "तुज्यासाठी कचरा," म्हणते आणि निवडत राहते. मला राग येतो. माझा राग काय, दुधासारखा वर येतो आणि तसाच खाली बसतो. ती तेवढा वेळ थांबते आणि मग चहा मागते.

हे वेड तिला लागलं कसं, ते सांगते. धोंडूबाईचं माहेर मुरबाडच्या बाजूचं. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिचा नवरा, आमचे भगीरथभाऊजी, भिवंडीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा घरी यायचे. नव्या नवरीला कोणी गजरा आणतं, कोणी जिलबी आणतं. भाऊजींनी पहिल्या खेपेला आणलं काय, तर कडांची गोणी! लूमवर कापडाच्या बाजूला निघालेल्या पट्ट्या, मुकादम म्हणाला न्या, तर हे घेऊन आले. मी असते तर ती गोणी त्यांच्या डोक्यावर उपडी केली असती. धोंडूबाईनं ती जमिनीवर उपडी केली, रंग रंग वेगळे केले आणि मांडी घालून वेण्या घालायला बसली. भाऊजी समोर बसून बघत राहिले. ती सांगते, त्या दिवशी भात करपला आणि दोघांनी तो तसाच खाल्ला.

मग तिच्या घरात दोरी म्हणून वस्तू विकत आलीच नाही. खाट विणली ती कडांची. डोक्यावरची चुंबळ कडांची, दाराशी पायपुसणं कडांचं, कपडे वाळत घालायची दोरी कडांची, भोपळ्याचा वेल मांडवावर चढतो तोही कडेला धरून. गुरांची दावी तर अशी, की त्यांचा रेडा एकदा खुंटा उपटून पळाला, पार शेणव्याच्या रस्त्याला लागला, पण दावं गळ्यात शाबूत. आणि गोधड्या! कडा एकीला एक जोडून तिनं ज्या गोधड्या केल्या, त्या जड, टणक, चार माणसं वर नाचली तरी फाटायच्या नाहीत. अंगावर घेतली तर कूस बदलायची सोय नाही, हेही खरं. मी एकदा थंडीत घेऊन बघितली होती, सकाळी अंग आंबलं.

भाऊजी आता घरीच असतात. लूमच्या आवाजानं कान गेले. बोलतात मात्र अजून लूम चालू असल्यासारखे. "चहा झाला काय?" म्हटलं की एसटी स्टँडवरचे लोक वळून बघतात. धोंडूबाई हातानंच उत्तर देते. झाला, नाही झाला, साखर संपली, गीता आली, डोकं खाते, सगळं हातानं. शेवटचं मला कळतं. दोघांचं फार छान चाललंय, आणि मला त्यांचा हेवा वाटतो, उगाच का खोटं बोलू.

त्यांची एकच मुलगी, मिताली. आणि हिचं मात्र कडांशी जन्माचं वाकडं.

शाळेत असताना आईनं तिला कडांचं दप्तर करून दिलं. मजबूत होतं, दिसायलाही वाईट नव्हतं, पण कडांवर कंपन्यांची नावं छापलेली असतात ना, ती सगळी वर आलेली. पोरं मोठमोठ्यानं वाचायची. मितालीचं नाव पडलं 'सूटिंग-शर्टिंग'. वर्गात शिरली की कोणीतरी ओरडायचं, आली रे आली, सूटिंग-शर्टिंग आली! एके दिवशी पोर दुकानात आली, डोळे लाल. "मावशी, मला साध्या कापडाचं दप्तर शिवून दे. आयला सांगू नको." शिवून दिलं मी. धोंडूबाईला नवं दप्तर दिसलंच की. ती कडांच्या दप्तरातून भाजी आणायला लागली.

तेव्हापासून मितालीनं घरातली कडांची एकही वस्तू वापरली नाही. मोठी झाली, कल्याणला नोकरीला लागली, मुरबाडच्या स्वरूपशी लग्न झालं. पहिलं बाळंतपण माहेरी. आणि गेल्या थंडीत तिला मुलगी झाली. धोंडूबाई पेढ्यांचा डबा घेऊन आली ती पायरीवर न बसता थेट दुकानात शिरली आणि माझ्या मशीनला मिठी मारली. खरं तर ती मला मारायची होती, पण मी मशीनमागे अडकले होते.

बारसं जवळ आलं तशी मात्र ती गप्प झाली. दुपारची पायरीवर येऊन बसली, पण टोपलीला हात लावेना. मला धसकाच बसला. म्हटलं, "काय झालं गो? बरं नाय काय?"

"मितू म्हनाली, आय, मुरबाडची सगली मानसं येतील. पालन्यात तुजी कडांची गोधडी नको हां. स्वरूपनं मोबाइलवरनं ब्लँकेट मागवलंय. गुलाबी हाय. वर अस्वल हाय."

"मग बरोबर बोलली ती. तुझ्या गोधडीवर बाळ झोपेल कसं? टोचेल त्याला."

"टोचंल, बरोबर हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन गीता, मी जगाच्या गोधड्या शिवल्या. माज्या पोरीच्या पोरीखाली माजा हात नको काय गो?"

हे तिनं अशा आवाजात विचारलं की माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मला मितालीचा राग आला, मग त्या अस्वलाचा आला, मग धोंडूबाईचाही आला, की जन्मभर हा हट्ट केला नसता तर आज ही वेळ आली नसती. मी म्हटलं, "उद्या तुझी जुनी सुती लुगडी घेऊन ये. मऊ झालेली. माझ्या ओसरीवर बसू, तू तिकडून टाके घाल, मी इकडून घालते. बाळाची गोधडी करू, मितालीला नाय म्हणायला तोंड ठेवायचं नाय. पण कान उघडे ठेवून ऐक. त्या गोधडीत एक कड दिसली, तर गोधडी तुझी नाय आणि मी तुझी मैत्रीण नाय."

ती लगेच हो म्हणाली. एवढ्या लगेच, की तिथंच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून बसलो. तिची दोन लुगडी, भाऊजींचं एक धोतर, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. थर घातले, चारी बाजूंनी टाचले आणि समोरासमोर बसलो. गोधडी दोघींनी शिवायची ती अशीच, दोन्हीकडून कडेनं सुरू करायचं आणि फिरत फिरत मध्ये यायचं. एकीचा हात घट्ट आणि एकीचा ढिला असला तर मध्ये फुगा येतो. आमचा आला नाही. तिचा टाका बारीक, सरळ, बोलताना सुद्धा हलत नाही. आम्ही किती बोललो! कोणाची सून, कोणाचा भात, शहापूरला कोणत्या दुकानात कापड फसवून देतात. हसून हसून सुई बोटात गेली माझ्या. फार सुखाचे दिवस गेले ते.

राहिला गोट. म्हणजे चारी बाजूंना दुमडून लावतात ती कापडाची पट्टी. ती म्हणाली, "गोट मी घरी लावते. तुज्या गिऱ्हाइकांचा खोलंबा होतो." मला वाटलं, बघा, किती समजूतदार बाई.

बारशाच्या आदल्या दिवशी गोधडी धुवायची होती. बाळाला न धुतलेलं काही घालत नाहीत. तिच्या परसात मोठ्या पातेल्यात कढत पाणी ओतलं, गोधडी बुडवली, पिळली, उन्हात टाकली आणि मी दुकानात गेले. दुपारी परत आले तर धोंडूबाई वाळत घातलेल्या गोधडीसमोर उभी, तोंडावर पदर. गोधडी कडेनं वळली होती, उन्हातला पापड वळतो तशी. चारी कोपरे वर, मध्ये खळगा. ती पाळण्यात घातली असती तर बाळ वाटीत बसल्यासारखं बसलं असतं.

मी गोट चाचपला. आत टणक लागलं. मी त्या टणकपणाला ओळखते, माझी सगळी हयात त्यातच गेलीय.

"धोंडूबाई!"

भाऊजी आतून ओरडले, "काय झालं?" म्हणजे मी केवढ्यानं ओरडले असेन बघा.

"गोटाच्या पोटात कड घातलीस?"

"तू म्हनालीस, एक कड दिसली तर," ती पदराआडून म्हणाली. "दिसत होती काय?"

"अगं, पण कोरी घातलीस! नेहमी चुलीवर उकळून, कुंपणावर वाळवून मग घेतेस. कधी आखडत नाय त्या. ह्या टायमाला काय धाड भरली?"

"कुंपनावर टाकल्या असत्या तर तू बघितल्या असत्यास. मितूनं बघितल्या असत्या. म्हनून तशाच घातल्या."

हसावं की हिला पातेल्यात बुडवावं! मी खाली बसले, कमरेची छोटी कात्री काढली आणि गोट उसवायला लागले. तोंडानं माझं चालूच होतं, बारसं उद्यावर, तुला अक्कल कधी येणार, हट्टी बाई, असलं सगळं. गोट उघडला आणि आतून कड निघाली. लाल, पांढऱ्या बुंदक्यांची. हातभर लांब. मग तिला जोडलेली निळ्या चौकडीची. मी तोंड बंद केलं.

ते कापड मी कापलं होतं.

लाल बुंदक्यांचा फ्रॉक मिताली पहिल्यांदा बालवाडीत गेली तेव्हाचा. तेव्हा माझं दुकानही नव्हतं, घरच्या मशीनवर शिवला होता. निळी चौकडी शाळेच्या गणवेषाची. पुढची मोरपंखी, दहावीच्या निरोपाला शिवलेल्या ड्रेसची, तिला बाह्या फुग्याच्या हव्या होत्या आणि मी नको म्हणत होते. मग एक करडी, नोकरीच्या मुलाखतीचा कुर्ता. हळदीचा पिवळा ब्लाउज. आणि शेवटी हिरवी, डोहाळजेवणाची, ती तर परवाची. एकेक कड मी स्वतःच्या हातानं उडवलेली, टोपलीत टाकलेली. गिऱ्हाइकांचे कपडे किती शिवले ते मी विसरते, पण ह्या पोरीच्या अंगाला लागलेलं कापड मी नाही विसरले, हे मला तेव्हा कळलं.

"ह्या कधी वापरल्या नाय मी," धोंडूबाई म्हणाली. "उशीच्या अभ्र्यात वेगल्या ठेवलेल्या. बाकीच्या कडांची दावी केली, खाट केली, ह्यांचं काय करायला जीवच होईना. म्हटलं, बालाच्या गोधडीत घालू. आत ऱ्हातील, कोनाला दिसनार नाय. मला माहीत असलं म्हंजे झालं." मग तिनं माझ्या मांडीवरून पट्ट्या उचलल्या. "ऱ्हाऊ दे, गीता. ब्लँकेट हाय ना. मऊ हाय तेपन. मी हात लावून बघितलंय."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला अजून राग येतो. मी तिच्या हातातून पट्ट्या हिसकावल्या. म्हटलं, "गप बस! चूल पेटव."

पट्ट्या उकळल्या. कुंपणावर टाकल्या, अगदी रस्त्याच्या बाजूला, ज्याला बघायचं त्यानं बघावं. गोधडी पुन्हा ओली केली, ताणून सरळ केली. संध्याकाळी दुकानात पट्ट्यांना इस्त्री फिरवली आणि मशीनवर बसले. ह्या वेळी आत नाही, बाहेरून. लालला निळी, निळीला मोरपंखी, चारी बाजूंना फिरवून गोटच कडांचा केला.

"भायेरनं?" धोंडूबाई पायरीवरून उठलीच. "गीता, ती चिडंल गो! पाव्हन्यांसमोर चिडंल."

"चिडू दे. मी आहे."

मी आहे म्हटलं खरं, पण धीर मलाही नव्हता. मितालीनं भरल्या घरात नको म्हटलं असतं तर धोंडूबाईनं ते ऐकून घेतलं असतं, हसली असती आणि घुगऱ्या वाटल्या असत्या. मला ते बघवलं नसतं.

बारशाला मुरबाडची माणसं आली. मितालीची सासू चांगली आहे, येताना नाचणीचं पीठ, डिंक, बाळाला वाळे, सगळं घेऊन आली. पाळणा झेंडूनं सजवला होता आणि आत ते गुलाबी ब्लँकेट, अस्वलासकट. धोंडूबाई चुलीपाशी उभी. गोधडी पदराखाली धरलेली, आणि बाहेर येईना. मी खुणावलं, ती मान हलवते. मी डोळे वटारले, ती वळून घुगऱ्या ढवळायला लागली. शेवटी मी जाऊन तिच्या पदराखालून गोधडी ओढली आणि नेऊन मितालीच्या हातात दिली.

"घे. तुझ्या आईनं केलीय. घालायची तर घाल, नायतर परत दे, मी माझ्या मशीनवर घालीन."

मितालीनं उलगडली. कड दिसल्याबरोबर तिचं तोंड उतरलं. "आय, मी सांगितलेलं ना गो," एवढं ती हळू म्हणाली आणि घडी घालायला लागली. घालता घालता तिचा हात निळ्या चौकडीवर थांबला. अंगठ्यानं तिनं ती पट्टी चोळली. मग पुढची मोरपंखी. मग परत मागे गेली, लाल बुंदक्यांवर. तिनं गोधडी पुन्हा उलगडली आणि कडेनं फिरवत गेली, एक बाजू, दुसरी बाजू. आजूबाजूच्या बायका माना वाकवून बघायला लागल्या. हिरव्या पट्टीशी आल्यावर तिनं तोंड गोधडीत खुपसलं.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं, आणि आळीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय झालं गो, पोरी?" सासूनंही विचारलं.

"माजे कपडे हायत, आई," मिताली सासूला म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. "हे सगले माजे कपडे हायत. हा बालवाडीचा. हा निरोपाचा. मावशीनं फुग्याच्या बाह्या दिल्या नव्हत्या."

"शोभल्या नसत्या तुला," मी म्हटलं.

तिनं पाळण्यातलं ब्लँकेट काढून नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं, गोधडी अंथरली, हातानं सारखी केली आणि बाळाला त्यावर ठेवलं. धोंडूबाई दारात येऊन उभी होती. हातात पळी तशीच. बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, दिशा, आणि बायकांनी आत्याबरोबर माझ्याही पाठीत बुक्के घातले, तेही मी आत्या नसताना. मी पण दोन परत घातले.

सगळ्याजणी घुगऱ्या खायला बसल्या तेव्हा मितालीनं मला हाक मारली. पाळण्याची दोरी हातात होती. दिशाच्या अंगात पिस्ता रंगाचं झबलं होतं, आधीच धुतलेल्या कापडाचं, सकाळीच घाईघाईत शिवून आणलेलं, बटण लावता लावता उशीर झाला होता मला.

"मावशी, झबलं तू शिवलंस ना? त्याची कड कुठंय?"

मी धोंडूबाईकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम कावराबावरा झाला. "ह्या टायमाला मी नेली नाय गो," ती म्हणाली. "मितू नको म्हनाली होती ना."

मी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि निघाले. बारशाची नवी साडी, केसात गजरा, आणि बाजारातून मी धावत होते. लोकांना वाटलं, दुकानाला आग लागली. कुलूप उघडलं आणि गुडघ्यावर बसून मशीनखाली शिरले. पायडलपाशी धागे, कातरण, एक हरवलेलं बटण, आणि भिंतीच्या बाजूला ढकललेली ती पिस्ता रंगाची पट्टी, कंपनीचं अर्धं नाव छापलेली. फुंकून धूळ काढली, पदराच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारल्या. परत येताना कोणीतरी विचारलंच, गीताबाई, एवढं काय नेताय धावत? मी न थांबता ओरडले, "कड आहे, कड! बाजूला व्हा!"